डब्यांवरची ग्रीक अक्षरं

आमच्या वहिनीच्या मसाल्याच्या डब्यांवर ग्रीक अक्षरं होती. जिरं, मोहरी, हळद, सगळ्यांची नावं ग्रीकमध्ये. धामणगाव बढ्यात, किराणा दुकानदाराच्या घरात! आई आधी कुरकुरली, "हे काय किडे-मकोडे काढले वं? काऊन माही परीक्षा घेऊन राह्यली?" पण महिनाभरात ती न चुकता डबे ओळखू लागली. शाळेची पायरीही न चढलेली माझी आई.

वहिनीचं माहेर अमडापूर. दिल्लीला ती आजच्या ग्रीक भाषेवर पीएच.डी. करत होती. मग लग्न झालं आणि संशोधन ओट्यापाशी आलं. कुकर लावून ती पुस्तक उघडायची. "तीन शिट्ट्यांत मी ग्रीसले जाऊन येते," म्हणायची. दादाला त्याची गंमत वाटे. मलाही वाटे, खोटं कशाला बोलू.

संशोधक विद्यार्थ्यांच्या निबंध स्पर्धेसाठी तिनं तिकडच्या बायकांच्या गाण्यांवर लिहिलं. मला म्हणाली, "नवरी निघते तव्हा अन् माणूस मरते तव्हा, त्यायचं गाणं एकच असते." माझं लग्न ठरलं होतं. मी हसून कानांवर हात ठेवले.

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. तिकीटही स्पर्धावालेच देणार होते. अट एकच, ग्रीसला येऊन निबंध स्वतः वाचायचा, नाहीतर बक्षीस दुसऱ्याला. तारीख नेमकी माझ्या हळदीची. दादा म्हणाला, "थोरली सून नाही अन् मांडव घालायचा? लोकं काय म्हणतीन?" वहिनीनं वाद घातला नाही. माझ्याजवळ आली. "आठ दिवसांनी दुसरा मुहूर्त आहे. तू म्हटलं तं ऐकतीन सगळे. म्हणशील?"

मी हो म्हणाले. जेवायला सगळे बसले, वहिनी वाढत होती. सासरचे नाराज होतील या भीतीनं माझी जीभच उचलेना. मी पोळीचे तुकडे करत राहिले. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भाजी वाढली.

मला पहिली हळद तिनंच लावली. मी निघाले तेव्हा घर रडलं. ती तेवढी कोरड्या डोळ्यांनी माझं सामान गाडीत चढवत होती.

पहिल्या दिवाळीला माहेरी गेले, तर आई एकेका डब्याचं झाकण काढून वास घेत होती. डब्यांवर वळणदार मराठीत जिरे, मोहरी, हळद. वहिनीची पुस्तकं माळ्यावर गेली होती.

"काऊन बदललं हिनं, कोणाले ठाऊक," आई म्हणाली. "पयलेचं मले वाचता येत होतं."

मला ठाऊक होतं. याही वेळी मी काही बोलले नाही.