रंग शून्य ते तीन

शाळेत लागले तेव्हा माझी ठाम समजूत होती की जगात आजवर गणित कुणाला नीट शिकवताच आलेलं नाही आणि ते काम माझ्यासाठी राखून ठेवलेलं आहे. वय तेवीस, अक्कल वाटेत कुठंतरी अडकलेली. पहिल्याच आठवड्यात मी रंगीत खडूंचे दोन डबे आणले. बीजगणितातला अ गुलाबी, ब पिवळा, वर्ग निळा, बरोबरचं चिन्ह हिरवं, कंस जांभळे. फळा असा दिसायचा की बघतच राहावं. मुली बघतच राहायच्या. गणित कुणी बघत नव्हतं.

तास संपल्यावर फळा पुसणारे शिपाईमामा कुरकुरायचे, "बाई, रंगपंचमी वर्सातनं एकदा असती. मला रोज पुसायला लागतंया की!"

मामांना कलेची जाण नाही, असं मी ठरवून टाकलं.

सहामाहीत निम्मा वर्ग आपटला. एकीनं उत्तरपत्रिकेत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'गुलाबी पेन आणला नव्हता म्हणून अ कुठला ते कळले नाही.' इथं कुणीही शहाणी बाई थांबली असती. मी नारिंगी खडू आणले.

आता या गोष्टीवर मी हसते, पण गेल्या वर्षी ती मला नातीला सांगावी लागली तेव्हा जीभ जड झाली होती. नातीनं पुण्यातली कंपनीतली नोकरी सोडली आणि कळंब्याच्या आमच्या घरात वरच्या खोलीत बसून एक एडिटर करायला घेतला. एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची संगणकातली वही. तिच्यात शब्दांना त्यांच्या कामाप्रमाणे आपोआप रंग चढतात. बाजारात असे एडिटर रग्गड आहेत, पण तिला शाळेतल्या मुलांसाठी सोपा, मराठीतून सूचना देणारा हवा होता. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, मुदत घालून दिली होती: दिवाळीपर्यंत एका तरी शाळेनं तो घेतला पाहिजे, नाहीतर गुपचूप परत पुण्याला. ही "बरं" म्हणाली आणि तिथून पुढं तिचं जेवण अर्ध्यावर आलं.

कसबा बावड्याकडच्या एका मुलींच्या शाळेतले संगणकाचे सर बघायला तयार झाले. अट एकच. आठवीच्या मुलींना प्रोग्राममधली चूक एका तासात स्वतःची स्वतः सापडली पाहिजे.

त्या आठवड्यात नातीनं मला वर बोलावलं. "आज्जी, बघ, कसं दिसतंय?"

मला प्रोग्राम अगदीच परका नाही. आमच्या शाळेत पहिले संगणक आले तेव्हा प्रशिक्षणाला जायला मी एकटीच तयार झाले होते. तेव्हा काळ्या पडद्यावर सगळी अक्षरं हिरवी असायची. इथं मात्र आज्ञा जांभळ्या, आकडे नारिंगी, कंस पिवळे, चिन्हं गुलाबी.

"गल्लीतल्या गणपतीचं लायटिंग केलंयस की गं," मी म्हटलं.

"छान आहे ना?"

"छान आहे. गणपती कुठं दिसंना."

ती चिडली. दोन दिवसांनी नवा प्रकार घेऊन आली. पडद्यावर एक यादी, बावीस चौकटी. ज्याला जो रंग नको त्यानं तिथली खूण काढायची.

"आता बोल," म्हणाली.

"आठवीतली पोरगी बावीस खुणा काढत बसंल का चूक शोधंल?"

"मग काय करू ते तू सांग! नुसती नावं ठेवतीस."

मग मी गुलाबी पेनाची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की खुर्चीवरून उतरून खाली बसली. हसून झाल्यावर मी तिला पेपर तपासायची माझी पद्धत सांगितली. ती मला नारिंगी खडूंनंतर दोन वर्षांनी सुचली होती. पहिल्या फेरीत हातात पेनच घ्यायचा नाही, नुसतं वाचायचं. दुसऱ्या फेरीत मुलीनं आपल्या शब्दांत काय लिहिलंय तेवढंच बघायचं. तिसऱ्या फेरीत नवी पायरी कुठं सुरू होते ते. चिन्हं आणि आकडे अगदी शेवटी. एका फेरीत सगळं बघायला गेलं की काहीच दिसत नाही.

नातीनं पेन्सिल काढली. पायरी शून्य: साधी काळी अक्षरं. पायरी एक: रंग फक्त दोन गोष्टींना, माणसानं माणसासाठी लिहिलेल्या टिपा आणि अवतरणातला मजकूर. पायरी दोन: प्रोग्राममधलं एखादं नाव पहिल्यांदा जिथं जन्माला येतं ती जागा. पायरी तीन: उरलेलं सगळं. एक कळ दाबली की पायरी वर, दुसरी दाबली की खाली.

एका गोष्टीवर आमचं कडाक्याचं भांडण झालं. टिपा तिनं फिकट करड्या ठेवल्या होत्या. सगळीकडे तशाच असतात म्हणे.

"यंत्राचं बोलणं ठळक आणि माणसाचं फिकट? कुठला न्याय गं हा?"

"आज्जी, जगभर तसंच आहे."

"मग जगाचं वय अजून तेवीसच आहे."

टिपा ठळक निळ्या झाल्या, अवतरणातला मजकूर हिरवा राहिला. दुसरा नियम तिनं स्वतः घातला, आणि तो माझ्या बापजन्मात मला सुचला नसता: पायरी चढली तरी खालच्या पायरीचा रंग बदलायचा नाही, वर फक्त भर पडायची. म्हणजे डोळ्याला झालेली ओळख मोडत नाही.

पण उघडताना एडिटर कुठल्या पायरीवर असावा? मी म्हणत होते पहिल्या. ती म्हणाली तिसऱ्या. "सरांना रंगीत आवडतं. फिकं बघून पहिल्यालाच नाही म्हणतील." भीतीच ती. मी पुढं बोलले नाही. बोलले नाही म्हणजे ऐकलं असं नव्हे.

शाळेत गेलो त्या दिवशी प्रयोगशाळेत संगणकांच्या चार रांगा होत्या आणि नातीनं प्रत्येकावर मुद्दाम चूक ठेवलेला प्रोग्राम तिसऱ्या पायरीवर उघडून ठेवला होता. नात सरांशी बोलत होती तेवढ्यात मी मागच्या रांगेपासून सुरुवात केली, एकेक संगणक दोन कळांत पहिल्या पायरीवर आणला. सगळी खोली करायचा बेत होता. पण गुडघे माझे सत्तरीतले. एक रांग झाली आणि घंटा वाजली. मुली लोंढ्यानं आत आल्या. मी शहाण्यासारखी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

चूक साधी होती. एका ठिकाणी मजकूर अवतरणात सुरू झालेला, पण शेवटचं चिन्ह गाळलेलं. पुढच्या तीन रांगांत मुली खूश. "कसलं भारी दिसतंय!" मागची रांग नाराज. "सर, आमचे रंग गेलेत! आमचे बिघडलेत!"

नातीनं वळून मागं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेनं पापड भाजला असता. सर पुढं सरसावले, "मॅडम, हे काय झालं?" मला क्षणभर वाटलं, झालं, म्हातारीनं घर बुडवलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एकजण ओरडली, "सर, ही हिरवी ओळ थांबतच न्हाय! हितनं सुरू झाली ती खाली पळालीया. हितं बंद करायचं राहिलंय की!"

साध्या काळ्या अक्षरांत ते पळालेलं हिरवं कसं लपणार? तिच्या शेजारणीला सापडलं, मग त्या रांगेत सगळ्यांना. पुढच्या तीन रांगा अजून रंगच निरखत होत्या. तिथलंही हिरवं पळालेलंच होतं, पण जत्रेत कोण पळतंय ते कुणाला कळतंय?

नात पुढं झाली. तिनं सगळ्यांना दोन्ही कळा दाखवल्या, "रंग कमी करून बघा." खोलीभर टक टक टक. आणि मग एकेका रांगेतून, "सापडलं! सापडलं!"

तास संपायला वीस मिनिटं बाकी होती. उरलेल्या वेळात मुली आपणहून चढत-उतरत राहिल्या. एकीनं सांगितलं की ती दुसऱ्या पायरीवरच राहणार, तिसरीवर तिला गरगरतं. सर पाठीमागे हात बांधून फिरत होते. शेवटी नातीजवळ आले. "सगळ्या संगणकांवर कायमचा राहू दे. पण मॅडम, उघडताना पहिल्या पायरीवर उघडू दे. मागच्या रांगेत ठेवलं होतं तसं. चांगली युक्ती केलीत."

"हो," नात म्हणाली. माझ्याकडं न बघता.

बाहेर आल्यावर विचारलंच तिनं, "मागच्या रांगेला हात कुणी लावला?"

"वय झालं गं. हात थरथरतो. पडलं असंल बोट."

"सात संगणकांवर? दोन-दोनदा?"

मी स्कूटीवर मागं बसले. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताच तिनं गाडी कडेला घेतली आणि बापाला फोन लावला. "पप्पा, घेतला त्यांनी. सगळ्या संगणकांवर. मी पुण्याला जात नाही!" रस्त्यावरून जाणारी माणसं वळून बघत होती, एवढ्या मोठ्यानं. पलीकडं तो काहीतरी म्हणाला आणि ही हसता हसता डोळे पुसायला लागली. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"ऐक रे," मी म्हटलं, "निम्मं तुझ्या लेकीनं जिंकलंय, निम्मं तुझ्या आईनं."

"आज्जी," नात म्हणाली, "उतर खाली. निम्मा रस्ता चालत ये."