पद रिक्त

चार्जबाईंचा स्वभाव वाईट होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वय झालं की माणूस गोड होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाईंच्या घरी चार दिवस राहून बघावं. एकाहत्तराव्या वर्षीही त्या दूधवाल्याशी भांडत, जिन्यात चपला काढणाऱ्यांशी भांडत, आणि भांडायला कोणीच सापडलं नाही तर सुनेने घड्या घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा आपल्या पद्धतीने घड्या घालत. सून सोशीक होती. पण तीही शेजारणीला म्हणे, "आईंचं डोकं शाळेतच राहिलंय, घरी नुसतं तोंड आलंय."

ती शाळा दोन गल्ल्या सोडून होती. सरकारी, पहिली ते पाचवी, आणि यंदा तिला पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. पहिली पंधरा वर्षं ती कापडाच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत भरे; खाली गठ्ठे आदळले की वर पाढे थांबत. मग आताची इमारत मिळाली, तीही आगीच्या बंबांसाठी बांधलेली. म्हणून दरवाजे अवाढव्य आणि खिडक्या नावाला. बंब दुसरीकडे गेले आणि मुलं आत आली.

या इतिहासातली मधली अकरा वर्षं बाईंनी ओढली. तेव्हाचे मुख्याध्यापक निवृत्त झाले, नवे कोणी आलेच नाहीत, आणि शिक्षण कार्यालयाने तिसरीच्या वर्गशिक्षिकेला, म्हणजे बाईंना, तोंडी सांगितलं, तूर्त चार्ज तुम्ही घ्या. ते तूर्त अकरा वर्षं पुरलं. तिसरीचा वर्ग सुटला नाही तो नाहीच. छत गळून दोन वर्ग बंद पडले तेव्हा त्यांनी हॉलमध्ये कपाटं आडवी लावून दोन वर्ग केले. गोवराची साथ आली तेव्हा कोणाला न विचारता तीन आठवडे शाळा बंद ठेवली आणि वरून आलेल्या नोटिशीला पाच ओळींत उत्तर दिलं. मुलींना स्वच्छतागृह नव्हतं. ते मिळेपर्यंत दर सोमवारी शाळा सुटल्यावर त्या कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसत, इतक्या वेळा की शेवटी साहेब मागच्या दाराने घरी जायला लागले. तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना चार्जबाई म्हणते.

बाराव्या वर्षी कायमचे मुख्याध्यापक आले. आल्या दिवशी त्यांनी पहिलं काम काय केलं, तर बाईंचं टेबल ऑफिसातून उचलून व्हरांड्यात ठेवायला लावलं. त्या माणसाला बाईंनी कधी क्षमा केली नाही, तो मेल्यावरसुद्धा नाही.

आता पंचाहत्तरीसाठी मुख्याध्यापकांच्या नावांचा जुना लाकडी फलक रंगवायला काढलाय, असं बाईंच्या कानावर आलं. भाजी आणायला म्हणून त्या घरातून निघाल्या आणि पिशवी हातात घेऊन थेट शाळेत. व्हरांड्यात पेंटर स्टुलावर बसून काळ्या फलकावर पांढरी अक्षरं काढत होता. बाईंनी चष्मा लावला. वरून पाच नावं, प्रत्येकापुढे वर्षं. सहाव्या ओळीत त्यांची अकरा वर्षं, आणि नावाच्या जागी सुबक अक्षरांत: पद रिक्त. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हल्लीचा मुख्याध्यापक चाळिशीचा, हळू आवाजात बोलणारा. रागावणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. हा नम्र होता. त्याने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यांचं सगळं ऐकून घेतलं. अकरा वर्षं शाळा काय भुतांनी चालवली का, असं त्यांनी दोनदा विचारलं, तेही ऐकून घेतलं. मग उठून कपाटातून एक फाईल काढली आणि त्यांच्यापुढे उघडली.

कार्यालयाला दरवर्षी पाठवायचे तक्ते होते, अकरा. प्रत्येकात वरच रकाना: मुख्याध्यापकाचे नाव. आणि प्रत्येकात, मोत्यासारख्या अक्षरात, बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: पद रिक्त. खाली सही, आणि सहीखाली 'वर्गशिक्षिका, तिसरी'.

बाईंनी अकराही तक्ते उलटून पाहिले. ते त्यांनीच लिहिलं होतं, आणि का लिहिलं तेही त्यांना लख्ख आठवत होतं. कार्यालयातल्या एका जुन्या कारकुनाने बजावलं होतं की त्या रकान्यात स्वतःचं नाव चुकूनही घालू नका. घातलंत की वर समजतील जागा भरली, मग तुम्हाला जन्मात कोणी मिळायचं नाही. शाळेला पूर्ण वेळ माणूस हवा होता. म्हणून दरवर्षी त्या इमानेइतबारे स्वतःला खोडत गेल्या. आपल्याच पायावर आपणच धोंडा मारायचा आणि त्याखाली सहीही करायची, असली अक्कल शाळामास्तरांनाच सुचते.

मुख्याध्यापक म्हणाला, "बाई, मीही चार्जवरच आहे. यंदाचा तक्ता मीही असाच भरलाय. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. फलकावर तुमचं, एका वर्गशिक्षिकेचं, नाव दिसलं तर वर म्हणतील, या शाळेचं मुख्याध्यापकाशिवाय भागतं. पदच काढून टाकतील. शाळेच्या भल्यासाठी एवढं समजून घ्या."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच बाईंना त्याचा जास्त राग आला.

"शाळेच्या भल्यासाठी मी अकरा वर्षं माझंच नाव गिळलं," त्या म्हणाल्या. "आता माझं पोट भरलंय. नाव घाला."

तो नाही म्हणाला, अर्थात नम्रपणे. बाई बाहेर आल्या, पेंटरच्या डब्याजवळचं टर्पेंटाइनचं फडकं उचललं आणि सहावी ओळ पुसून टाकली. पेंटर ओरडत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने ती पुन्हा लिहिली. शाळा सुटायच्या आत बाई येऊन पुसून गेल्या. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकाने हात टेकले. कार्यक्रम चार दिवसांवर आला होता, आणि म्हातारीशी झोंबाझोंबी करताना कोणी बघितलं तर त्याचीच शोभा झाली असती. तेवढी जागा तशीच राहू द्या, असं त्याने पेंटरला सांगितलं. बाई विजयी मुद्रेने घरी आल्या आणि सुनेला म्हणाल्या, आज टॉवेलांच्या घड्या बऱ्या जमल्यात. सुनेने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. बाई सुनेबरोबर तिसऱ्या रांगेत बसल्या. कार्यालयातल्या साहेबांनी फलकावरचा पडदा ओढला आणि टाळ्या झाल्या. पाच नावं, मग वीतभर कोरी काळी फळी, मग खाली बाकीची नावं. मुख्याध्यापकाने शाळेचा इतिहास वाचायला घेतला. गोदाम आलं, बंब आले, छत गळलं तेही आलं. ते छत गळत असताना शाळेत कोण होतं, ते आलं नाही.

मागच्या रांगेत एका मुलाच्या आईने शेजारच्या बाईला विचारलं, "मध्येच ती जागा रिकामी का ठेवलीय?"

"तेव्हा कोणी नसेल," ती शेजारीण म्हणाली.

चार्जबाईंना ते स्पष्ट ऐकू आलं. दोन दिवस टर्पेंटाइनने हात जाळून घेऊन आपण काय मिळवलं, ते त्यांना आत्ता कळलं. अक्षरं गेली होती, बाकी सगळं तसंच होतं. त्यांना रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर राग आला.

त्या उठल्या. सुनेने हात धरला, "आई, बसा ना, सगळे बघतायत," म्हणाली. त्यांनी हात सोडवून घेतला. भाषण चालू असतानाच त्या रांगांमधून पुढे गेल्या. भिंतीवरच्या फळ्याखाली खडू होते, त्यातला एक उचलून फलकाशी उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक वाचता वाचता थांबला. साहेब मान वळवून बघू लागले.

बाईंनी कोऱ्या फळीवर आपलं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. अक्षर तेच होतं, तक्त्यांतलं. पुढे वर्षं घातली. मग मागे वळून, पुसायला कोणी उठतंय का ते पाहिलं.

कोणी उठलं नाही. टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत. बाईंनी खडू साहेबांपुढच्या टेबलावर ठेवला आणि सुनेची वाट न बघता घरी गेल्या.