यशश्रीचा न्यूनगंड

माझी भाची यशश्री हुशार आहे. याचा मला अभिमान वाटतो आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, धडकी भरते. ताई नागपूरला आणि पोरगी इथे बेंगळुरूत, हेब्बाळच्या एका कंपनीत चिप डिझाइन करते. शनिवार-रविवार मुक्काम माझ्याकडे. त्यामुळे स्थळं माझ्याच बैठकीत यायची, माझ्याच हातचे पोहे खायची आणि घरी जाऊन नकार कळवायची.

पहिला आला तनय. इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या हुद्द्यावर. नोकरीच्या मुलाखतीत तो एक कोडं घालतो म्हणे, भल्याभल्यांची दांडी गुल होते. ते कोडं तो ऐकवायला लागला आणि अर्ध्यावर येतो तोच हिनं उत्तर सांगितलं. वर म्हणाली, "याची अजून एक सोपी पद्धत आहे." दुसऱ्या दिवशी निरोप आला, "मुलगी छान आहे, पण क्लिक नाही झालं."

लगेच ताईचा फोन. "शुभदा, तिला जरा गप्प बसायला शिकव. तिच्या हुशारीनं मुलांना न्यूनगंड येतो!"

"मुलगा एकदाच येतो, न्यूनगंड दर वेळी येतो," आमचे हे म्हणाले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून यांना असली वाक्यं फार सुचतात.

पोरीनं आईचं ऐकलं. पुढच्या स्थळाला, श्रीरंगला, डोळे मोठे करून विचारलं, "म्युच्युअल फंड म्हणजे नक्की काय हो?" त्यानं तासभर समजावलं. त्यातलं निम्मं चूक होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. त्याच्यासमोर मात्र "अय्या, हो?" म्हणत राहिली. संध्याकाळी चक्क होकार आला!

मी तोंड गोड करायला साखर घेऊन आले, तर ही रडत बसलेली. "मावशी, त्याला आवडली ती मी नव्हेच. मला लग्न करायचंय गं. घरी येऊन कुणाशी तरी भांडायचंय, हसायचंय. पण जन्मभर 'अय्या, हो?' कसं म्हणू?"

साखरेची वाटी मी बाजूला ठेवली. "नाही म्हणून कळव," मी म्हटलं. "आणि यापुढे जो येईल त्याला तोंडावर खरं सांग. पोहे मी करते."

मग आला सुहास, यांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. मराठीच घर, पण चार पिढ्या बेंगळुरूत गेल्यामुळे बोलणं निम्मं कन्नड. इथल्याच शिवाजीनगरात मिक्सर दुरुस्तीचं दुकान. बी.कॉम., तेही दमादमानं. खरं सांगायचं तर नाक मीच मुरडलं होतं.

तो टेकतो न टेकतो तोच यशश्री म्हणाली, "आधीच सांगते. माझ्यामुळे मुलांना न्यूनगंड येतो."

सुहास चमचा हातात धरून विचारात पडला. "न्यून म्हणजे कमी, होय ना अक्का?" त्यानं मला विचारलं. मी मान हलवली. "आणि आमच्या कन्नडात गंड म्हणजे नवरा. म्हणजे कमी नवरा." अजून थोडा विचार केला. "सरी, ठीक आहे. कमी तर मी असणारच की तुमच्यापुढं. दहावीला गणित दोनदा राहिलंय माझं. न्यूनगंड चालतोय का तुम्हाला?"

यशश्रीला हसता हसता ठसका लागला. मग सवयीनं तिनं त्याची चूक सुधारली. न्यूनगंड म्हणजे काय, तो का येतो, मानसशास्त्र काय म्हणतं, सगळं यथासांग. मी कपाळाला हात लावला. सुहास मात्र मन लावून ऐकत होता, मध्येच शंका विचारत होता. शेवटी म्हणाला, "हे मला ठाऊक नव्हतं. छान सांगता तुम्ही. पण माझा अर्थ जास्त बरा आहे की नाही?"

आमच्या यशश्रीनं त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. कान लाल झाले होते.

लग्नाला आता वर्ष झालं. परवा ताई लेकीकडे राहायला आली म्हणून मीही गेले होते. आम्ही दोघी चहा पीत असताना बेल वाजली. लॅपटॉपवरून मान वर न करता यशश्री ओरडली, "आई, दार उघड गं, न्यूनगंड आला!"