रिमोट शेवटी

शेजारचे पगारकाका रविवारी सकाळी मैदानावरून धापा टाकत आले, तेव्हा त्यांच्या एका हातात ह्यांचा रिमोट होता आणि दुसऱ्या हातात पुढचं चाक मोडलेली बग्गी. "वहिनी, मनोहररावांना चक्कर आली. दवाखान्यात नेलंय, चला," एवढंच ते म्हणाले. मी त्या मोडक्या चाकाकडेच बघत राहिले. ह्यांच्या हातून गाडी आपटणं शक्यच नव्हतं.

हे, म्हणजे माझे यजमान, अंबडच्या कारखान्यात लेथवर होते आणि रिमोटवर चालणाऱ्या जुन्या बग्ग्या जमवणं हे त्यांचं वेड होतं. जाड चाकांच्या, माती उडवत पळणाऱ्या त्या खेळण्यातल्या गाड्या. नव्या चकचकीत गाड्यांकडे ते ढुंकूनही बघत नसत. नव्वदच्या दशकात आमचं लग्न झालं तेव्हा मला वाटलं, हौस आहे, जाईल. कसली जाते! देवळाली कॅम्पात एखाद्या फौजी कुटुंबाची बदली निघाली की हे बस पकडून तिथे हजर. सामान आवरताना मुलांची बंद पडलेली बग्गी हमखास बाहेर निघते, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा पडद्याचं कापड आणायला पाठवलं, तर तीन चाकांची बग्गी पोटाशी धरून परत आले. चौथं चाक त्यांनी लेथवर केलं, आणि आमच्या खिडकीला वर्षभर जुनी चादर लटकत राहिली. आमचं खरं भांडण सेलवरून व्हायचं. रिमोटचे सेल संपले की टॉर्च, रेडिओ आणि शेवटी भिंतीवरचं घड्याळसुद्धा रिकामं व्हायचं. मी चिडले की म्हणायचे, "कुकरची शिट्टी झाली की नऊ वाजले समजायचं."

रविवारी एक बग्गी मैदानावर फिरायला जायची. त्यांचा नियम पक्का होता. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, रिमोट शेवटी. रिमोट आधी बंद झाला तर त्या जुन्या गाड्या बेफाम सुटत. "तिला क्षणभरही पोरकं ठेवायचं नाही," असं ते म्हणायचे.

त्या रविवारी हे कोसळले आणि धांदलीत पगारकाकांनी आधी रिमोटच बंद केला. बग्गी सुसाट सुटली आणि भिंतीवर आदळली. काका अजून माझ्यासमोर यायला कचरतात. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष...

संध्याकाळी दवाखान्यात हे थोडे शुद्धीवर आले. माझा हात धरून हळूच विचारलं, "आधी गाडी बंद केली ना?"

"हो, आधी गाडीच," मी म्हटलं. त्यांनी समाधानाने डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

तेरावं झालं, पाहुणे गेले, तेव्हा मी ती बग्गी चार्ज करून ओट्यावर घेतली. आधी रिमोट चालू केला, मग गाडी. मोडकं चाक तसंच लोंबत राहिलं, मागची दोन मात्र फिरली. त्यांना चिकटलेली मैदानावरची माती ओट्यावर सांडली आणि मी पोटभर रडले. मग गाडी बंद केली. रिमोटच्या बटणावर बोट ठेवलं... पण काही केल्या मला तो बंद करवेना.

तो अजून चालूच आहे, त्यांच्या उशीजवळ. त्याचा लाल दिवा दिसला की बरं वाटतं. टॉर्चचे सेल संपले, रेडिओचेही संपले. काल दिवा मंद झाला, तेव्हा मी स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवलं.