दोन पेचांचा बाजा

परवा रविवारी बाबांना घेऊन अकोल्याहून अमरावतीला गेले. ज्या बँडमध्ये त्यांनी तीस वर्षं वाजवलं तो आता बंद झालाय... मालकाचा फोन आला होता, "काकाले त्याईचा बाजा पाहिजे असन तं घेऊन जा. सोमवारी सारं पितळ भंगारात चाललं."

बाबांचा बाजा म्हणजे सूझाफोन. अंगाभोवती वेटोळं घालणारा, डोक्यावर टोपल्याएवढा कर्णा असलेला. बाबांना आता कमी दिसतं, म्हणून शोधायचं काम माझं. घरातल्या फोटोत त्यांच्या कर्ण्यावर लाल कमळ रंगवलेलं आहे. गोदामात शिरताच मला कमळ दिसलं आणि मी ओरडलेच, "सापडला!"

कर्णा जिथे बाजाला जोडतात, त्या गळ्याभोवती बाबांनी बोटं फिरवली. "हा माहा नोहे."

"कमळ आहे न बाबा!"

"कमळ तं पेंटरनं साऱ्याइच्याच बाजावर काढलं होतं. पेच मोज."

कर्णा गळ्याला आवळायचे स्क्रू मोजले... तीन. बाबांचा बाजा जुना, विलायती. त्याला दोनच पेच. वरात संपली की सगळे कर्णे काढून टेम्पोत टाकायचे आणि पुढच्या लग्नात याचा कर्णा त्याला लागायचा. बाबांच्या बाजाला मात्र दुसऱ्याचा कर्णा कधी बसलाच नाही.

बाहेर हातगाडीवर भंगार लादून तयार होतं. मी ओढणी कमरेला बांधली आणि एकेक बाजा उतरवून गळे तपासले. तळाशी एक काळा पडलेला निघाला, कमळ पार उडालेलं... पण पेच दोन! आणि त्यातला एक चक्क सायकलचा बोल्ट.

बाबांचं बोट त्या बोल्टवर थांबलं. "अचलपूरच्या वरातीत पडला होता पेच," ते म्हणाले. मला एकदम रडूच आलं. त्या कमळावर भुलून मी भलताच बाजा घरी नेला असता आणि हा वितळला असता...

माझ्या लग्नात हाच बँड होता. पण नवरीच्या बापानं वाजवायचं कसं? बाबा फेटा बांधून मांडवाच्या दारात पाहुण्यांना हात जोडत राहिले आणि त्यांचा बाजा दुसऱ्यानं वाजवला.

परवा बाबांनी बोल्ट पिळला, बाजा खांद्यावर घेतला आणि एकच फुंकर मारली. भोंऽऽ... दम पुरला नाही, धापा टाकत खाली बसले.

"तुह्या लग्नात वाजवाचं राह्यलं होतं पोरी," म्हणाले.

लग्नाला माझ्या एकवीस वर्षं झाली. पण बाबा, माझी वरात खरी परवाच वाजली...