मोकळा रकाना

येरमाळ्यात हायवेलगत ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. ते चालवणारे काका अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शाळेतले मित्र. बारावीनंतर मला पुण्याकडच्या एका कॉलेजात जायचं होतं. तिथं रसायनशास्त्रासोबत इतिहासही घेता येतो, असं मोबाइलवर वाचलं होतं. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मग वाचलेलं खरं का, म्हणून विचारणार तरी कुणाला?

फॉर्मवर आवडीच्या विषयांचे तीन रकाने होते. खाली लिहिलं होतं, ठरलं नसेल तर मोकळा सोडा, पहिल्या वर्षी ठरवता येईल. ते मी दोन-तीनदा वाचलं. आपल्याला अजून माहीत नाही, हेही कुठं चालतं याचं नवल वाटलं. पहिल्यात रसायनशास्त्र, दुसऱ्यात इतिहास लिहा, तिसरा मोकळा ठेवा, असं काकांना सांगून, अण्णांना तिथंच बसवून मी मार्कमेमोची झेरॉक्स काढायला समोर गेले.

परत आले तर फॉर्म गेलेला होता. रसायन, भौतिक, गणित.

"काका, इतिहास?"

"अगं, सायन्सची पोरगी तू. त्यान्ला वाटंल, चुकून भरलाय. आन् मोकळा रकाना दिसला की फॉर्म बाद. पीकविम्याचे कितीक माघारी आले, इचार तुझ्या बापाला."

"व्हय की," अण्णा म्हणाले. "माझाच आलता."

आता बदलता येईल का, मी विचारलं. एकदा गेला की गेला, काका म्हणाले.

मुलाखत ऑनलाइन होती. आमच्या वस्तीवर रेंज नाही, म्हणून सुट्टी असूनही काकांनी दुकान उघडलं, पंखा माझ्याकडं वळवला. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून ते आणि अण्णा भिंतीला चिकटून बसले.

पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं, "तिन्ही विषय विज्ञानाचेच घेतलेत. ते तर कुठल्याही कॉलेजात मिळतात. मग आमच्याकडेच का यायचंय?"

याचं उत्तर मी महिनाभर मनात घोळवलं होतं. आमच्या विहिरीचं पाणी खारट कशानं झालं आणि कधीपासून, हे मला शिकायचं होतं. त्याला एक विषय पुरत नाही. पण ते सांगायचं तर आधी सांगावं लागणार होतं, की हा फॉर्म माझ्या मनासारखा भरलेला नाही. काका हातभर अंतरावर होते.

"मला विज्ञानाचीच आवड आहे," मी म्हणाले.

काकांनी अंगठा वर केला. मॅडम म्हणाल्या, "आणखी काही सांगायचंय?"

"नाही, मॅडम."

यादीत माझं नाव आलं नाही. कळंबच्या कॉलेजचा फॉर्म भरायला आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. काका माझ्याहून जास्त खचलेले.

"तू लई केलंस रं तिच्यासाठी," अण्णा त्यांना म्हणाले.

"पर कमी कुठं पडलो, तेच कळंना." काका माझ्याकडं वळले. "नेमकं काय अवघड इचारलं गं त्यांनी?"

"सोपंच होतं, काका. मलाच बोलता आलं नाही."