पुसली तरी उमटणारी रेघ

कारखान्यात सगळे तिला रेघबाई म्हणायचे. तयार भाग न तोडता त्यातली चीर शोधायची, हे तिचं काम. भाग स्वच्छ करायचा, लाल रंग लावून मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. सतरा वर्षांत तिच्या नखांचा लाल रंग काही गेला नव्हता. "आज कुणाचा खून करून आलीस?" असं नवरा रोज विचारायचा.

त्या सकाळी क्रेनचा मोठा हूक तपासणीला आला. दुपारी त्याने वीस टनांचा साचा उचलायचा होता. हुकाच्या मानेवर बोटाच्या पेराएवढी रेघ उमटली.

"नापास," ती म्हणाली.

व्यवस्थापक धावत आले. "बाई, साधा ओरखडा आहे. उगीच राईचा पर्वत करू नका." त्यांनी खिशातल्या रुमालाने रेघ पुसून टाकली. "दाखवा, कुठाय चीर?"

तिने पुन्हा भुकटी फवारली आणि दहा मिनिटं हाताची घडी घालून उभी राहिली. रेघ तिथेच वर आली. एव्हाना भोवती माणसं जमली होती. साहेबांनी जोर लावून पुन्हा पुसलं. तिने पुन्हा फवारलं. या वेळी रेघ फिकट होती, पण होती.

"पुसा की साहेब. रुमाल संपतील, रेघ नाही संपायची."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा पारा चढला. "सही करा, नाहीतर उद्यापासून गोदामात बसा!"

"बसेन. सही मिळणार नाही."

साहेबांनी दुसऱ्या तपासनिसाला बोलावलं. त्याने मान खाली घालून सही ठोकली. पण शिडी चढत असलेला क्रेनवाला अर्ध्यातून उतरला. "ताईंनी नापास केलेला हूक मी हलवणार नाही," म्हणाला आणि खालच्या पायरीवर ठाण मांडून बसला. त्याच्या जागी वर जायला कुणीच तयार होईना. नवा हूक येईपर्यंत तीन दिवस काम ठप्प झालं.

रेघबाईची रवानगी गोदामात झाली. तिथे तिच्यापुढे कोरा कागद आला, माफीनाम्यासाठी. तिने त्यावर हुकाचा नंबर लिहिला, चिरेची लांबी लिहिली, खाली 'नापास' लिहून कागद परत धाडला.

दीड वर्षाने नवे व्यवस्थापक आले. "झालं गेलं विसरा, बाई. दोन ओळींची माफी द्या आणि या परत."

"माफीशिवाय येते," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता तपासणी विभागाकडे चालू लागली.